सचिन विमान चालवायला कधी शिकला?

हा प्रश्न माझ्या भाच्याचा. आठवीत आहे. त्याच्या मोबाइलवर तेंडुलकरचा तो फोटो आला होता, हवाई दलाच्या निळ्या गणवेशातला, सॅल्यूट ठोकतानाचा. "अरे, ते मानद असतं" एवढं बोलून मी मोकळा होणार होतो. पण समोरच्या खुर्चीत माझे चुलत सासरे चहा पीत बसले होते. साताऱ्याकडचे, मराठा लाइट इन्फंट्रीत जन्म काढलेले, सुभेदार मेजर म्हणून निवृत्त झालेले. घराच्या गेटवर पाटी आहे: ऑनररी कॅप्टन. भाच्याने मानद आणि ऑनररी हे दोन शब्द झटक्यात जुळवले आणि विचारलं, "म्हणजे आजोबा, तुमचं पण खोटंच का?"

ते हसले, पण चहा तसाच राहिला.

पोराची चूक नव्हती. एकच शब्द आपण इतक्या वेगवेगळ्या गोष्टींना लावतो की गोंधळ होणारच. कपिल देव मानद, मोहनलाल मानद, कुलगुरू मानद, नेपाळच्या सैन्यात भारताचे लष्करप्रमुख मानद, आणि तीस वर्षं बंदूक उचललेला माणूसही मानद. यातलं कोणतं काय आहे, ते नीट सोडवून पाहू.

गाठोडं

लष्करातला हुद्दा म्हणजे तीन गोष्टींचं गाठोडं असतं. पहिली हुकूम: खालच्या माणसाला आदेश द्यायचा आणि तो पाळला नाही तर कायद्याने त्याला जाब विचारायचा अधिकार. दुसरी पगार, आणि त्यामागून येणारं पेन्शन. तिसरी सलाम: गणवेश, खांद्यावरचे तारे, नावाआधीची उपाधी, समोरच्याने टाचा जुळवणं. नेहमीच्या अधिकाऱ्याकडे तिन्ही एकत्र असतात, म्हणून त्या वेगळ्या आहेत हे आपल्या लक्षातच येत नाही. मानद हुद्दा देताना हे गाठोडं सोडतात आणि त्यातलं थोडंच हातावर ठेवतात. किती ठेवलं, यावर सगळं अवलंबून.

सचिनच्या हातावर फक्त सलाम ठेवला. सासऱ्यांना सलामही मिळाला आणि पैशातही फरक पडला. हुकूम मात्र दोघांनाही नाही.

आता हे गाठोडं मिळवायला सरळ मार्गाने किती वेळ लागतो तेही पाहा, म्हणजे मोल कळेल. खडकवासल्याच्या एनडीएत तीन वर्षं, मग डेहराडूनला एक वर्ष, आणि तिथून बाहेर पडताना मुलगा लेफ्टनंट होतो. दोन वर्षांनी कॅप्टन, एकूण सहा वर्षांनी मेजर, तेरा वर्षांनी लेफ्टनंट कर्नल. इथपर्यंत सेवेची वर्षं भरली आणि परीक्षा वगैरे झाल्या की बढती मिळते. त्यापुढे कर्नल व्हायचं तर निवड मंडळासमोर जावं लागतं आणि तिथे बरेच जण थांबतात. हवाई दलात कर्नलच्या बरोबरीचा हुद्दा म्हणजे ग्रुप कॅप्टन. खांद्यावर चार पट्ट्या.

तेंडुलकरला त्या चार पट्ट्या ३ सप्टेंबर २०१० रोजी मिळाल्या, वयाच्या ३७व्या वर्षी. त्याच वर्षी फेब्रुवारीत ग्वाल्हेरला त्याने एकदिवसीय सामन्यात द्विशतक ठोकलं होतं. पट्ट्या दिल्या तेव्हाचे हवाई दलप्रमुख प्रदीप वसंत नाईक, म्हणजे देणारा मराठी आणि घेणाराही मराठी. विमानोड्डाणाशी काहीएक संबंध नसलेल्या माणसाला हवाई दलाने असा हुद्दा देण्याची ती पहिलीच वेळ होती.

त्याआधी हवाई दल हा मान देताना निदान आकाशाशी नातं बघत असे. जेआरडी टाटांचंच पाहा. १९२९ साली भारतात वैमानिकाचा परवाना मिळवणारे ते पहिले. १९३२ मध्ये टपालाची पिशवी घेऊन कराचीहून मुंबईच्या जुहूला स्वतः विमान उडवत आले. हवाई दलाने त्यांना १९४८ मध्ये मानद ग्रुप कॅप्टन केलं, १९६६ मध्ये एअर कमोडोर आणि १९७४ मध्ये एअर व्हाइस मार्शल. म्हणजे मानद हुद्द्यातही बढती असते! गंमत अशी की जेआरडींनी सैन्यात नोकरी केलीच नव्हती असं मात्र म्हणता येत नाही. फ्रान्समध्ये असताना तिथल्या सक्तीच्या लष्करी सेवेत ते एक वर्ष घोडदळात होते. फ्रान्सचा घोडेस्वार, भारताचा मानद एअर व्हाइस मार्शल.

देणाऱ्याला काय मिळतं

सैन्य भोळं नसतं. प्रसिद्ध माणसाला गणवेश चढवला की दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर सैन्याचा फोटो येतो. कोट्यवधीची जाहिरात करूनही ते साधत नाही. सरळ सांगायचं तर ही भरतीची जाहिरात आहे, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आपल्याकडे हे काम सर्वांत जास्त प्रादेशिक सेनेने केलंय, इंग्रजी नावाने जिला टेरिटोरियल आर्मी म्हणतात. या सेनेची कल्पनाच अशी की एरवी आपापला नोकरीधंदा करायचा, वर्षातून काही काळ प्रशिक्षणाला जायचं आणि गरज पडली की गणवेश चढवायचा. कायदा १९४८चा. ९ ऑक्टोबर १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. अशा सेनेला नागरिकांच्या ओळखीचे चेहरे हवे असणं स्वाभाविकच. २००८ मध्ये कपिल देव, २००९ मध्ये मोहनलाल, आणि १ नोव्हेंबर २०११ रोजी महेंद्रसिंग धोनी व नेमबाज अभिनव बिंद्रा. हे सगळे मानद लेफ्टनंट कर्नल. धोनी तेव्हा तीस वर्षांचा होता. तेरा वर्षांचं अंतर एका दिवसात.

इथे एक घोळ नेहमी होतो, तो आत्ताच निस्तरतो. सचिन पायलट किंवा अनुराग ठाकूर यांचे गणवेशातले फोटो पाहून लोक त्यांनाही याच रांगेत बसवतात. ते चूक आहे. त्या दोघांनी प्रादेशिक सेनेत रीतसर निवड होऊन कमिशन, म्हणजे अधिकारीपदाची सनद, घेतलं, पायलट यांनी २०१२ मध्ये आणि ठाकूर यांनी २०१६ मध्ये, आणि दोघेही सगळ्यांसारखे तळाच्या लेफ्टनंट हुद्द्यावरून सुरू झाले. ती अर्धवेळची का होईना, खरी फौज आहे. केंद्रीय मंत्री लेफ्टनंट आणि क्रिकेटपटू लेफ्टनंट कर्नल, हे चित्र विचित्र दिसतं खरं. पण मंत्र्याच्या दोन ताऱ्यांत गाठोडं सगळं आहे आणि क्रिकेटपटूच्या खांद्यावर त्यातला एकच जिन्नस.

धोनीची गोष्ट जरा निराळी झाली, कारण त्याने हा मान फोटोपुरता ठेवला नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये तो आग्र्याला पॅराशूट प्रशिक्षणाला गेला आणि विमानातून पाच उड्या मारून छत्रीधारी सैनिकाचा बिल्ला मिळवला. उडी मारताना मानद असं काही नसतं, छत्री उघडते किंवा उघडत नाही. २०१८ मध्ये पद्मभूषण घ्यायला तो राष्ट्रपती भवनात गणवेशात, कवायतीच्या पावलांनी चालत गेला. तारीख २ एप्रिल, म्हणजे वानखेडेवर षटकार मारून विश्वचषक जिंकला तीच. आणि २०१९ मध्ये वेस्ट इंडीजचा दौरा सोडून काश्मीरमध्ये आपल्या १०६ क्रमांकाच्या पॅरा बटालियनबरोबर गस्त आणि पहाऱ्याच्या कामावर पंधरा दिवस राहिला.

त्याच वर्षी त्याच्यावर टीका झाली तीही या हुद्द्यामुळेच. विश्वचषकात साउदम्प्टनच्या मैदानावर त्याच्या यष्टिरक्षणाच्या हातमोज्यांवर ‘बलिदान’ हे खंजिराचं चिन्ह दिसलं. आयसीसीने ते काढायला लावलं, कारण खेळाच्या साहित्यावर असं चिन्ह नियमात बसत नव्हतं. देशात भावना उसळल्या. पण सैन्यातल्या जुन्या लोकांचा प्रश्न वेगळाच होता: ते चिन्ह पॅराच्या स्पेशल फोर्सेसचं आहे, ते याने लावावं का? बाहेरच्याला ही कटकट वाटेल. पलटणीत मात्र बिल्ला कोणी, कुठे आणि कशाच्या जोरावर लावला यावर माणसं आयुष्यभर बोलत नाहीत एकमेकांशी.

माझं मत विचाराल तर, सन्मान द्यायला हरकत नाही, पण सुरुवातच लेफ्टनंट कर्नलपासून कशाला? पाच उड्या आणि पंधरा दिवस यांना तेरा वर्षांची सर येत नाही, आणि धोनीही तसं म्हणणार नाही. २०२४ मध्ये वायनाडला दरड कोसळली तेव्हा मोहनलाल गणवेशात तिथे पोहोचले, आपल्या प्रादेशिक सेनेच्या बटालियनबरोबर फिरले आणि आपल्या संस्थेकडून तीन कोटींची मदत जाहीर केली. त्या दिवशी त्यांच्या खांद्यावर कॅप्टनचे तीन तारे असते तर काही बिघडलं असतं का?

गेटवरची पाटी

आता त्या खुर्चीतल्या माणसाकडे येऊ.

सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात फिरा. साताऱ्याजवळ अपशिंगे नावाचं गाव आहे, त्याच्या नावापुढे आजही ‘मिलिटरी’ लावतात. शिरोळ तालुक्यात टाकळी आहे, ती सैनिक टाकळी. अशा गावांत ‘ऑनररी कॅप्टन’, ‘ऑनररी नायब सुभेदार’ अशा पाट्या, लग्नपत्रिका, यात्रेचे फलक सर्रास दिसतात. हे लोक कोण?

भारतीय सैन्यात शिपाई आणि अधिकारी यांच्या मधे एक थर आहे: नायब सुभेदार, सुभेदार, सुभेदार मेजर. यांना जेसीओ म्हणतात, आणि पलटणीत हाक मारायची ती ‘साहेब’ म्हणूनच. शिपाई म्हणून भरती झालेला माणूस नाईक, हवालदार असं करत पंचवीस-तीस वर्षांत इथवर पोहोचतो. पलटण खऱ्या अर्थाने चालवतो तो हाच. दर २६ जानेवारीला आणि १५ ऑगस्टला यातल्या निवडक लोकांची यादी निघते आणि त्यांना मानद लेफ्टनंट किंवा मानद कॅप्टन हा हुद्दा मिळतो. काहींना नोकरीच्या शेवटच्या टप्प्यात, काहींना निवृत्त होताना. निवडक हवालदारांना निवृत्तीच्या वेळी मानद नायब सुभेदार करतात. हवाई दलात मास्टर वॉरंट ऑफिसरला मानद फ्लाइंग ऑफिसर किंवा फ्लाइट लेफ्टनंट, नौदलात मास्टर चीफला मानद सब लेफ्टनंट किंवा लेफ्टनंट. रीत तीच.

सियाचेनवरची पाकिस्तानची ‘कायद’ चौकी १९८७ मध्ये जिंकणारे बाणा सिंग, त्यांच्या नावाआधी लागणारं कॅप्टन हे मानद आहे. टायगर हिलवर अंगावर गोळ्या झेलत चढलेले योगेंद्रसिंग यादव, त्यांचंही. दोघांच्या छातीवर परमवीर चक्र आहे. ‘मानद म्हणजे न लढलेला’ असं ज्याला वाटतं त्याने ही दोन नावं लक्षात ठेवावीत.

यांच्या गाठोड्यात सलामाबरोबर पगाराचा भागही येतो. सेवेत असताना मानद लेफ्टनंट किंवा कॅप्टन झालेल्याचं वेतन वाढतं आणि त्यानुसार पेन्शनही. मानद नायब सुभेदारांचं मात्र बरीच वर्षं निव्वळ नावावर भागवलं गेलं. सहाव्या वेतन आयोगानंतर, १ जानेवारी २००६ पासून निवृत्त होणाऱ्यांना नायब सुभेदाराचं पेन्शन मिळू लागलं. त्याआधी निवृत्त झालेले विचारू लागले की आमचा मान काय कमी मानाचा होता? ते भांडण सैन्यदल न्यायाधिकरणात आणि पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि म्हाताऱ्या हवालदारांच्या बाजूने लागलं. गावातल्या पारावर ‘नायब सुभेदारचं पेन्शन लागलं का’ ही चौकशी चाले, ती याचीच.

हुकूम मात्र इथेही नाही. मानद कॅप्टन झालेला सुभेदार मेजर काम करतो ते सुभेदार मेजराचंच. डेहराडूनहून काल आलेला पोरसवदा लेफ्टनंट कागदावर त्याच्या वरचाच राहतो. शहाणा लेफ्टनंट अर्थात ते कागदावरच ठेवतो.

नीरज चोप्राने या दोन्ही वाटा चालून दाखवल्या. तो २०१६ मध्ये खेळाडू म्हणून थेट नायब सुभेदार झाला, राजपुताना रायफल्समध्ये. ऑलिंपिकची पदकं येत गेली तसा सुभेदार मेजरपर्यंत चढला. आणि २०२५ मध्ये प्रादेशिक सेनेचा मानद लेफ्टनंट कर्नल. सैन्याची नोकरी त्याने केली आहे, तरी शेवटची मोठी उडी मानदच. आपल्याकडचे मल्ल विजय चौधरी किंवा राहुल आवारे पोलीस उपअधीक्षक झाले ते याहून निराळं. ती रीतसर सरकारी नोकरी आहे, प्रशिक्षण, पगार, बदली आणि बंदोबस्तासकट. तिथे मानद काही नाही.

घटनेने उघडं ठेवलेलं दार

इंग्रजांच्या काळात रावसाहेब, रावबहादूर, खानबहादूर, सर अशी किताबांची खैरात होती. स्वातंत्र्यानंतर घटनाकारांनी अनुच्छेद १८ लिहून ती बंद केली. सरकार कोणालाही किताब देणार नाही. मात्र त्याच वाक्यात अपवाद ठेवला: लष्करी आणि विद्याविषयक बहुमान सोडून. म्हणून विद्यापीठ मानद डी. लिट. देऊ शकतं आणि सैन्य मानद हुद्दा देऊ शकतं.

याच अनुच्छेदावरून पद्म पुरस्कारांना कोर्टात आव्हान दिलं गेलं होतं. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, पुरस्कार म्हणून ते चालतील, पण नावाच्या आधी किंवा नंतर उपाधीसारखे लावायचे नाहीत. म्हणजे धोनीने नावाआधी ‘पद्मभूषण’ लावलं तर ते चुकीचं, आणि ‘लेफ्टनंट कर्नल’ लावलं तर घटना आड येत नाही. आपल्याकडच्या सत्कार समारंभाच्या पत्रिका पाहता हा निकाल अजून पुष्कळ मंडळांपर्यंत पोहोचायचाय.

गणवेशाचं मात्र कडक आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम १६८ सांगतं की सैनिक नसलेल्या माणसाने, लोकांना आपण सैनिक वाटावं या हेतूने, सैनिकाचा पोशाख घातला किंवा बिल्ला लावला तर तीन महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हेतू हा शब्द महत्त्वाचा. स्नेहसंमेलनात जवान झालेला चौथीतला मुलगा आणि नाटकातला नट यात येत नाहीत. फौजी असल्याचं भासवून कोणी टोपी घालत असेल तर येतो.

कॉलेजातले ‘कॅप्टन प्राध्यापक’ हा अजून एक प्रकार. एनसीसी सांभाळणारे प्राध्यापक लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर असतात. त्यासाठी त्यांना प्रशिक्षण घ्यावं लागतं, पुरुषांचं आपल्या नागपूरजवळच्या कामठीत, स्त्रियांचं ग्वाल्हेरला. ते मानद नाहीत, पण सैन्याचेही नाहीत. त्यांचं कमिशन एनसीसीचं. त्याच विद्यापीठाच्या कुलगुरूंच्या खांद्यावर मात्र एनसीसीचे वरिष्ठ अधिकारी येऊन तारे लावतात आणि त्यांना मानद कर्नल करतात. या समारंभाला पिपिंग म्हणतात. संचलनात घाम प्राध्यापकांचा आणि तारे कुलगुरूंचे जास्त, असं एका कॅप्टन प्राध्यापकांनीच मला ऐकवलं होतं.

बालसेनापती

हे सगळं विलायती खूळ आहे असं समजू नका. आपल्या इतिहासातही लढाईपासून सुटून नुसती नावं होऊन बसलेली पदं आहेत.

१७३१च्या एप्रिलमध्ये डभईच्या लढाईत पहिल्या बाजीरावाविरुद्ध लढताना सेनापती त्रिंबकराव दाभाडे पडले. शाहू महाराजांनी दाभाड्यांची समजूत घालायची म्हणून सेनापतिपद त्यांचा धाकटा भाऊ यशवंतराव याला दिलं. तो अजाण होता. कारभार दोघांच्या मातोश्री, खंडेराव दाभाड्यांच्या पत्नी उमाबाई यांनी हाती घेतला. मराठी राज्याचा सेनापती तलवार न पेलणारा पोर होता आणि प्रत्यक्ष मोहिमा गायकवाडांसारखे सरदार चालवत होते. गायकवाडांकडे ‘सेनाखासखेल’ हे पद आलं आणि ते घराण्याला चिकटलं. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा एक शेतकऱ्याचा मुलगा १८७५ मध्ये दत्तक जाऊन बडोद्याच्या गादीवर बसला, तेव्हा बाराव्या वर्षी त्याच्या नावामागे ‘सेनाखासखेल समशेर बहादूर’ लागलं. ते सयाजीराव. त्यांचं नाव आपण घेतो ते शाळा आणि ग्रंथालयांसाठी. समशेर बहादूर हे बिरुद वारशाने आलं आणि तसंच राहिलं.

राजेरजवाड्यांना असे हुद्दे देण्यात पुढे इंग्रजांचा हातखंडा झाला. कर्नल, जनरल देऊन टाकायचे. तोफा मात्र आपल्याकडे ठेवायच्या.

इतरांच्या घरी

ब्रिटनमध्ये राजघराणं या खेळात अजून मुरलेलं आहे. राजकन्या अ‍ॅन यांनी सैन्यात नोकरी केलेली नाही, पण त्या नौदलात अ‍ॅडमिरल आहेत, आणि २०२० मध्ये सत्तरी गाठली तेव्हा त्यांना जनरल आणि एअर चीफ मार्शलही केलं. उलट त्यांचे भाऊ अँड्र्यू फॉकलंडच्या युद्धात खरोखर हेलिकॉप्टर उडवत होते. जानेवारी २०२२ मध्ये बदनामीमुळे त्यांची सगळी मानद लष्करी पदं काढून घेतली गेली. मान दिलेला असतो, म्हणून परतही घेता येतो.

याचं सगळ्यांत झणझणीत उदाहरण जर्मनीचा कैसर दुसरा विल्हेल्म. व्हिक्टोरिया राणी त्याची आजी. तिने १८८९ मध्ये नातवाला ब्रिटिश नौदलाचा मानद अ‍ॅडमिरल ऑफ द फ्लीट केलं. नेल्सनचा गणवेश आपल्याला घालायला मिळाला म्हणून तो हरखून गेला होता. १९१४ मध्ये महायुद्ध पेटलं, आणि ज्या आरमाराशी लढायचं त्याचाच अ‍ॅडमिरल म्हणून शत्रूचा सम्राट यादीत! ते नाव घाईघाईने खोडावं लागलं.

स्कॉटलंडच्या एडिंबरा प्राणिसंग्रहालयात सर निल्स ओलाव नावाचा एक किंग पेंग्विन आहे. नॉर्वेच्या राजाच्या रक्षक दलाने १९७२ मध्ये त्याला लान्स कॉर्पोरल केलं आणि दर भेटीत बढती देत आले. मधे पेंग्विन बदलले, नाव आणि हुद्दा पुढच्याकडे गेला, दाभाड्यांसारखाच. २०२३ मध्ये तो मेजर जनरल झाला. माझ्या भाच्याला या लेखातलं हेच एक सर्वांत पटलं.

अमेरिकेत केंटकी राज्याचा गव्हर्नर ‘केंटकी कर्नल’ करतो. मूळ १८१२च्या युद्धानंतरचं, तेव्हा राज्याची स्वतःची पथकं होती. पथकं मागे पडली, कर्नल उरले. केएफसीच्या कोंबडीच्या डब्यावरचे दाढीवाले आजोबा हार्लंड सँडर्स हे त्यातलेच, १९३५ मध्ये आणि पुन्हा १९५० मध्ये झालेले. पोरवयात ते काही काळ सैन्यात क्यूबाला गेले होते, पण साधे शिपाई म्हणून. कर्नल झाले ते केंटकीत मिळवलेल्या नावामुळे. एल्व्हिस प्रेस्लीचा व्यवस्थापक ‘कर्नल’ टॉम पार्कर तर याहून पुढचा. तो खरोखर अमेरिकेच्या सैन्यात होता, तिथून पळून गेला म्हणून शिक्षा भोगली, आणि १९४८ मध्ये लुइझियानाच्या गव्हर्नरने त्याला मानद कर्नल केलं. जन्मभर त्याने लोकांकडून स्वतःला कर्नलच म्हणवून घेतलं.

आणि आपल्या शेजारी एक प्रथा आहे, तिचा आब मला आवडतो. भारताच्या लष्करप्रमुखाला नेपाळ आपल्या सैन्याचा मानद जनरल करतो आणि नेपाळच्या प्रमुखाला भारत. १९५० मध्ये करिअप्पांपासून सुरू झालेली ही देवाणघेवाण. पुण्याचे मनोज नरवणे यांना हा मान नोव्हेंबर २०२०मध्ये काठमांडूत मिळाला, नागपूरचे मनोज पांडे यांना सप्टेंबर २०२२ मध्ये. नरवणे गेले तेव्हा नकाशा आणि सीमेवरून दोन्ही देशांत चांगलंच बिनसलं होतं. मंत्री बोलत नव्हते, तेव्हा जनरलला जायला निमित्त होतं. या हुद्द्यात ना हुकूम ना पगार, निव्वळ सलाम. पण भारतीय सैन्यात गोरखा पलटणी आहेत, नेपाळच्या डोंगरांत भारताचं पेन्शन घेणारी घरं आहेत, आणि तिथे त्या सलामाला वजन आहे.

हे सगळं भाच्याला सांगून झालं तेव्हा त्याचा शेवटचा प्रश्न तयार होता. तेंडुलकर आपल्या घरी आला तर कोण कोणाला सॅल्यूट करणार? सासऱ्यांनी कप खाली ठेवला.

"वर्दीत आला तर मीच ठोकणार. ग्रुप कॅप्टन आहे तो, माझ्यापेक्षा तीन पायऱ्या वर."

"आणि साध्या कपड्यांत आला तर?"

"तर तुझ्या मामीला सांग चहा टाक म्हणून. हा गार झाला."